लाइट आली, मशीन चालू झालं, पण फोल्डर रिकामं: बूटच्या वेळचे एनएफएस आणि ओव्हरले माउंटचे घोळ

पावसाळा लागला की ही तक्रार हमखास येते. ठाण्यातल्या एखाद्या संगणक क्लासची लॅब असो की महाप्याच्या एमआयडीसीतलं छोटं डिझाइन खातं असो, सकाळी लाइट जाते, तासाभराने येते, सगळी मशीनं एकदम चालू होतात आणि मग फोन: "सर, चार मशीनं काळ्या पडद्यावर अडकलीत, दोन चालू झालीत पण त्यात अभ्यासाचं काहीच दिसत नाही, बाकीची बरोबर आहेत." सगळ्या मशीनवर लिनक्सची एकच इमेज (डिस्कची तयार प्रत), एकच एफएसटॅब (बूटच्या वेळी काय कुठे जोडायचं याची यादी), तरी प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. रीस्टार्ट केलं की बहुतेक वेळा सगळं सुरळीत, म्हणून कोणी मुळाशी जात नाही. पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच.

आधी रचना सांगतो. सर्व्हरवर किंवा एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कपेटीवर) अभ्याससाहित्य असतं. ते प्रत्येक मशीनवर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वाटून घेण्याच्या पद्धतीने) फक्त वाचण्यापुरतं माउंट होतं, म्हणजे मशीनच्याच फोल्डरसारखं जोडलं जातं. त्यावर ओव्हरले: खालचा थर सर्व्हरवरचा, वरचा थर मशीनच्या स्वतःच्या एसएसडीवर. विद्यार्थ्याला एकच फोल्डर दिसतं, तो हवे ते बदल करतो, बदल त्याच्याच मशीनवर राहतात आणि मूळ साहित्याला धक्का लागत नाही. ओव्हरले-एफएस लिनक्स कर्नलमध्ये (सिस्टमच्या गाभ्यात) ३.१८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ च्या डिसेंबरपासून आहे, त्यामुळे वेगळं काही बसवावं लागत नाही. रचना चांगली आहे, मी अजूनही तीच सुचवतो. घोळ आहे तो या दोन माउंटचा एकमेकांशी संबंध आहे हे मशीनला कोणी सांगितलेलं नसतं, यात.

या लेखात आज्ञा आणि पर्याय उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं. पत्ते आणि फोल्डरची नावं उदाहरणादाखल आहेत.

अडकलेलं मशीन आधी उठवा

काळ्या पडद्यावर "यू आर इन इमर्जन्सी मोड" असं दिसत असेल आणि रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड माहीत असेल तर काम सोपं. लॉगिन करा, रूट फाइलसिस्टम फक्त वाचण्याजोगी असेल तर "माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /" द्या, एफएसटॅबमधल्या ओव्हरलेच्या ओळीपुढे हॅशचं चिन्ह टाका, "सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड" करा आणि कंट्रोल-डी दाबा. मशीन पुढे सरकेल.

उबुंटूवर मात्र बऱ्याचदा रूटचं खातं कुलूपबंद असतं. मग पडदा सांगतो की कन्सोल देता येत नाही, एंटर दाबा. एंटर दाबलं की पुन्हा तेच. अशा वेळी ग्रबच्या (बूटच्या सुरुवातीच्या) मेनूवर ई दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी "आरडब्ल्यू इनिट=/बिन/बॅश" जोडा आणि बूट करा. थेट रूटचा शेल मिळतो. नॅनोने एफएसटॅब दुरुस्त करा, "सिंक" द्या आणि मशीन रीसेट करा. हे जमत नसेल तर लाइव्ह पेन ड्राइव्ह आहेच. अख्खी इमेज पुन्हा टाकायला निघू नका. असं करणारे लोक मी पाहिलेत. नव्या इमेजमध्ये तीच एफएसटॅब असते.

पडद्यावरची एरर आणि खरी एरर

ओव्हरलेचं माउंट फसलं की पडद्यावर बहुधा "स्पेशल डिव्हाइस ओव्हरले डज नॉट एक्झिस्ट" असं येतं. यावर विश्वास ठेवून लोक कर्नल मॉड्यूल शोधत बसतात. ओव्हरले नावाचं डिव्हाइस कुठेच नसतं, एफएसटॅबच्या पहिल्या रकान्यातला तो शब्द नुसता नावापुरता असतो. कर्नलने "असं काही नाही" एवढंच उत्तर दिलेलं असतं आणि माउंट ही आज्ञा त्याचा आपल्या परीने अर्थ लावते. नेमकं काय नाही ते कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या "डीमेसेज" मध्ये मिळतं: "ओव्हरलेएफएस: फेल्ड टू रिझॉल्व्ह", पुढे एक पाथ आणि उणे २. तो पाथ वाचा. बहुतेक वेळा तो सर्व्हरवरच्या थराचा असतो, म्हणजे ओव्हरले चढायला गेला तेव्हा एनएफएस आलेलंच नव्हतं.

दुसरा नेहमीचा संदेश "राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक". याचंही तसंच, खरं कारण डीमेसेजमध्ये.

एनएफएसच्या बाजूच्या एरर मात्र बऱ्यापैकी सरळ बोलतात, फक्त त्या नीट वाचायला हव्यात. "नेटवर्क इज अनरीचेबल" म्हणजे आपल्याच मशीनला अजून पत्ता किंवा रस्ता (राउट) मिळालेला नाही. सर्व्हरकडे बघायची गरज नाही. "नो रूट टू होस्ट" एकाच सबनेटमध्ये आलं तर सर्व्हर अजून उठलेला नाही किंवा मधली तार, स्विच, फायरवॉल यांपैकी काहीतरी आडवं आलंय. "कनेक्शन रिफ्युज्ड" म्हणजे सर्व्हर जागा आहे पण एनएफएसची सेवा अजून सुरू व्हायची आहे. "ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर" असेल तर वेळेचा प्रश्नच नाही, सर्व्हरवरच्या एक्स्पोर्टच्या यादीत या मशीनचा पत्ता बसत नाही. सांबावाल्यांना (विंडोज पद्धतीचं शेअरिंग वापरणाऱ्यांना) हेच आकड्यांत दिसतं: १०१, ११३, १११, आणि परवानगी नसेल तर १३.

हे सगळं त्या बूटच्या नोंदीतून काढायचं. "जर्नलसीटीएल -बी" चालू बूटचं, "-बी -१" आधीच्या बूटचं. मशीन रीस्टार्ट करून सुरळीत झालं असेल तर दोष आधीच्या बूटमध्येच असणार, आणि जर्नल डिस्कवर साठवलेलं नसेल तर तो पुरावा गेलेला असतो. "/व्हार/लॉग/जर्नल" ही डिरेक्टरी आहे ना, ते आज बघून ठेवा.

सिस्टमडीला काय दिसतं आणि काय दिसत नाही

बूटच्या सुरुवातीला सिस्टमडी, म्हणजे सगळ्या सेवा आणि माउंट क्रमाने सुरू करणारा प्रोग्राम, एफएसटॅब वाचतं आणि प्रत्येक ओळीचं एक माउंट युनिट बनवतं. ही युनिटं "/रन/सिस्टमडी/जनरेटर" मध्ये बघायला मिळतात. प्रकार एनएफएस किंवा सीआयएफएस (सांबाचा) असेल तर ते युनिट दूरच्या फाइलसिस्टमच्या गटात जातं: नेटवर्क आल्यावर चढव आणि रिमोट-एफएस या टार्गेटच्या (बूटमधल्या टप्प्याच्या) आधी पूर्ण कर. बाकी सगळं स्थानिक गटात: लोकल-एफएस टार्गेटच्या आधी, म्हणजे बूटच्या अगदी सुरुवातीला.

आता ओव्हरलेचं काय? त्याचा प्रकार "ओव्हरले". तो काही नेटवर्कच्या फाइलसिस्टमच्या यादीत नाही. म्हणून तो स्थानिक गटात पडतो आणि नेटवर्क कार्डाला पत्ता मिळण्याच्या कितीतरी आधी चढायला जातो.

सिस्टमडी काही नाती आपणहून जुळवतं. एक माउंट दुसऱ्याच्या पोटातल्या फोल्डरवर असेल तर आधी बाहेरचं, मग आतलं, हे त्याला कळतं. पण ओव्हरलेचे थर ज्या पर्यायांत लिहिलेले असतात, ते लोअरडिर (खालचा थर), अपरडिर (वरचा थर) आणि वर्कडिर (ओव्हरलेची कामाची जागा), त्यांच्यातले पाथ वाचून ते नातं जोडेल अशी अपेक्षा धरू नका. त्याच्या लेखी ती कर्नलला द्यायची एक लांबलचक चिठ्ठी. खात्री करायची असेल तर "सिस्टमसीटीएल शो -पी आफ्टर" पुढे युनिटचं नाव द्या आणि त्या यादीत एनएफएसचं माउंट आहे का बघा. नसेल, तर मशीन नीट बूट होतं ते निव्वळ नशिबाने.

लोकल-एफएस टार्गेट फसलं की सिस्टमडी थेट इमर्जन्सी मोडमध्ये जातं. रिमोट-एफएस फसलं तर तसं होत नाही, मशीन चालू होतं. अभ्यासाच्या फोल्डरपायी अख्खं मशीन का अडतं, याचं उत्तर हे.

एरर न देणारा प्रकार सर्वात वाईट

फोनवरची ती "दोन मशीनं चालू झालीत पण काहीच दिसत नाही" वाली मशीनं आठवा. तिथे जर्नलमध्ये एकही लाल ओळ नसते. घडतं असं: एनएफएसचं माउंट पॉइंट म्हणून मशीनच्या डिस्कवर "/एसआरव्ही/साहित्य" हे रिकामं फोल्डर असतंच. एफएसटॅबमध्ये लोअरडिर म्हणून थेट तेच दिलेलं असतं. ओव्हरले आधी चढतो, त्याला ते रिकामं फोल्डर मिळतं, तो खूश. थोड्या वेळाने त्याच जागी एनएफएस येऊन बसतं. पण ओव्हरलेने चढतानाच खालच्या थराची स्वतःपुरती पकड घेतलेली असते. नंतर त्या पाथवर काय येऊन बसलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. "एलएस" केलं तर "/एसआरव्ही/साहित्य" मध्ये सगळं साहित्य दिसतं आणि ओव्हरलेच्या फोल्डरमध्ये ठणठणाट. माणूस परवानग्या तपासत बसतो.

यातून आणखी एक दुखणं निघतं. रिकाम्या ओव्हरलेत विद्यार्थी नव्याने फोल्डर बनवतो, त्यात काम करतो. ते वरच्या थरात साठतं. पुढच्या बूटला खालचा थर नीट आला की त्याच नावाचं मूळ फोल्डर आणि त्याचं फोल्डर एकत्र मिसळून दिसतात. त्याच नावाची फाइल असेल तर त्याची फाइल मूळ फाइलला झाकून टाकते. मग तक्रार येते की सर्व्हरवरची फाइल बिघडली. ती बिघडलेली नसते.

उपाय एका ओळीचा आहे आणि बाकी काही केलं नाही तरी हा कराच: लोअरडिर म्हणून माउंट पॉइंट देऊ नका, त्याच्या आतलं असं फोल्डर द्या जे फक्त सर्व्हरवरच आहे. "/एसआरव्ही/साहित्य" ऐवजी "/एसआरव्ही/साहित्य/चालू". एनएफएस आलेलं नसेल तर "चालू" सापडणार नाही आणि ओव्हरले खणखणीत एरर देऊन फसेल. गप्प बसून रिकामं फोल्डर दाखवण्यापेक्षा ते शतपटीने बरं. जोडीला, एनएफएस उतरवलेलं असताना त्या रिकाम्या माउंट पॉइंटवर "सीएचॲटर +आय" मारून ठेवलं तर त्यात चुकून कोणी काही लिहू शकत नाही.

अर्धा उपाय आणि त्यातून होणारं चक्र

काही जणांना एवढं कळलेलं असतं की ओव्हरलेला एनएफएसची वाट बघायला लावायची. ते ओव्हरलेच्या ओळीत "एक्स-सिस्टमडी.रिक्वायर्स-माउंट्स-फॉर" घालतात आणि थांबतात. पर्याय बरोबर आहे, पण एकटा पुरत नाही. ओव्हरले अजूनही स्थानिक गटातच आहे. मग साखळी बघा: लोकल-एफएस टार्गेट ओव्हरलेसाठी थांबलंय, ओव्हरले एनएफएससाठी, एनएफएस नेटवर्क ऑनलाइन होण्यासाठी, त्यासाठी नेटवर्क मॅनेजर सुरू व्हायला हवा, नेटवर्क मॅनेजर सिसइनिट टार्गेटसाठी थांबतो आणि सिसइनिट थांबतं लोकल-एफएससाठी. वर्तुळ पूर्ण.

सिस्टमडी अशा वेळी "फाउंड ऑर्डरिंग सायकल" असं जर्नलमध्ये लिहितं आणि वर्तुळ तोडायला साखळीतलं एखादं काम चक्क वगळतं. कोणतं वगळलं जाईल याचा भरवसा धरू नये. आज ओव्हरले गेला तर नुसतं फोल्डर येत नाही, उद्या भलतीच सेवा गेली तर तक्रारीचं तोंडच वेगळं असतं आणि माउंटकडे कोणाचं लक्षही जात नाही. "जर्नलसीटीएल -बी" मधून "सायकल" शब्द ग्रेप करून बघणं ही माझी पहिली तपासणी असते, मग तक्रार काहीही असो.

म्हणून ओव्हरलेच्या ओळीत "_नेटडेव्ह" सुद्धा हवाच. तो पर्याय कर्नलकडे जात नाही. तो सिस्टमडीला सांगतो की प्रकार काहीही असला तरी हे माउंट दूरच्या गटात धर. दोन्ही पर्याय मिळून काम पूर्ण होतं. एफएसटॅबच्या दोन ओळी अशा:

१९२.१६८.१०.५:/साहित्य /एसआरव्ही/साहित्य एनएफएस४ आरओ,_नेटडेव्ह,नोफेल ० ०

ओव्हरले /होम/लॅब/अभ्यास ओव्हरले लोअरडिर=/एसआरव्ही/साहित्य/चालू,अपरडिर=/व्हार/लॅब/वर,वर्कडिर=/व्हार/लॅब/काम,_नेटडेव्ह,नोफेल,एक्स-सिस्टमडी.रिक्वायर्स-माउंट्स-फॉर=/एसआरव्ही/साहित्य ० ०

सर्व्हरचं नाव न देता पत्ता दिलाय तो मुद्दाम. लॅबमध्ये नावं सोडवायचं काम बहुधा राउटरच करतो आणि लाइट आल्यावर राउटरलाही उठायला वेळ लागतो. नावच हवं असेल तर ते होस्ट्स फाइलमध्ये लिहून टाका.

"नोफेल" बद्दल एक सावधगिरी. त्याने माउंट फसलं तरी बूट अडत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यासोबत सिस्टमडी त्या माउंटची वाट बघणंही सोडतं. एखादी सेवा, समजा डेटाबेस किंवा डॉकर, त्या फोल्डरवर अवलंबून असेल तर ती माउंटच्या आधीच सुरू होऊन रिकाम्या जागेत लिहायला लागू शकते. अशा सेवेच्या युनिटमध्ये "रिक्वायर्समाउंट्सफॉर=" लिहून तो पाथ द्या.

एफएसटॅब बदलली की "सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड" विसरू नका, नाहीतर सिस्टमडी जुनीच युनिटं धरून बसतं. "फाइंडएमएनटी --व्हेरिफाय" ही आज्ञा एफएसटॅबमधल्या ढोबळ चुका दाखवते, पण नातं तुटलेलं आहे का ते तिला कळत नाही.

आणि हो, आरसी-लोकल या बूटच्या स्क्रिप्टमध्ये "स्लीप ३०, माउंट -ए" लिहून मोकळे होणारे. सर्व्हर पस्तीस सेकंदांनी आला की संपलं. शिवाय तोवर बाकी सेवा सुरू झालेल्या असतात आणि मशीन बंद होताना कोणी कोणाच्या आधी उतरायचं याचा त्या स्क्रिप्टला पत्ताच नसतो. एनएफएस आधी गेलं आणि ओव्हरले त्यावर तसाच बसलेला राहिला की बंद होताना "अ स्टॉप जॉब इज रनिंग" असं म्हणत पडदा ९० सेकंद लोंबकळतो. नाती नीट लिहिली की उतरतानाचा क्रमही आपोआप उलटा लागतो.

नेटवर्क "आलं" म्हणजे नेमकं काय

नेटवर्क.टार्गेट आणि नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठाणे स्टेशनच्या इंडिकेटरवर लोकल दिसली म्हणजे ती फलाटाला लागली असं होत नाही, नेटवर्क.टार्गेट म्हणजे तो इंडिकेटर. नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला, एवढाच त्याचा अर्थ. पत्ता मिळेपर्यंत थांबण्याचं काम "नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन" किंवा "सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन" ही सेवा करते. "लिनक्स झटपट बूट करा" छापाच्या सल्ल्यांत पहिला सल्ला हीच सेवा बंद करा असा असतो. लॅबमधल्या कुणा हौशी मुलाने तो पाळलेला असेल तर ऑनलाइन टार्गेट नावापुरतंच उरतं. "सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड" ने तपासा. जो नेटवर्क सांभाळतो त्याचीच वेट-ऑनलाइन सेवा चालू हवी. दुसऱ्याची चालू राहिली तर बूट उगाच रखडतं. नेटवर्कडीवाली सेवा तिच्या ताब्यातल्या सगळ्या पोर्टांसाठी थांबते, जास्तीत जास्त दोन मिनिटं. मशीनला दोन लॅन पोर्ट असतील आणि एकाला केबलच नसेल, तर नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये) त्या पोर्टाला "ऑप्शनल: ट्रू" लिहा.

वाय-फायवर असलेल्या मशीनची वेगळीच गंमत. वाय-फायचा पासवर्ड फक्त एका वापरकर्त्यासाठी जतन केलेला असेल तर त्याने लॉगिन केल्याशिवाय नेटवर्क येतच नाही. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये ते सर्व वापरकर्त्यांसाठी करा. खरं तर अशा मशीनला केबल टाका.

आता एक असा प्रकार जो मशीनवर कितीही शोधला तरी सापडत नाही. स्विचवर जुन्या धाटणीचं स्पॅनिंग ट्री (लूप टाळण्याची सोय) चालू असेल तर मशीनच्या पोर्टाला लिंक लगेच मिळते, दिवा लागतो, पण स्विच १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच डेटा पुढे सोडतो. मशीनला पत्ता हाताने दिलेला असेल तर वेट-ऑनलाइनला वाटतं सगळं तयार आहे. एनएफएस लगेच प्रयत्न करतं आणि पॅकेट स्विचमध्येच गडप होतात. अर्ध्या मिनिटाने पिंग बरोबर जातं, त्यामुळे कोणी बघायला आलं की सगळं ठीक. कंपन्यांनी भंगारात काढलेले मॅनेज्ड स्विच स्वस्तात मिळतात आणि लॅबमध्ये जुन्या कॉन्फिगरेशनसकट लावले जातात, तिथे हे हटकून दिसतं. ज्या पोर्टांना मशीनं जोडली आहेत त्यांच्यावर पोर्टफास्ट चालू करा. काही स्विचवर त्याला एज पोर्ट म्हणतात. दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टावर मात्र ते करू नका, चुकून लूप झाला तर अख्खं नेटवर्क झोपेल.

सर्व्हरच उशिरा उठत असेल तर

इथे बूटचा क्रम कितीही अचूक असला तरी उपयोग नाही. मशीन अर्ध्या मिनिटात तयार होतं, एनएएसला डिस्क तपासून उठायला पाच-सात मिनिटं लागू शकतात. एनएफएस माउंट स्वतः साधारण दोन मिनिटं प्रयत्न करत राहतं, त्याआधीच सिस्टमडीची ९० सेकंदांची मर्यादा संपते आणि ते माउंटला मारून टाकतं. वेळ वाढवायची असेल तर दोन्ही वाढवा: एनएफएसचा "रिट्राय" मिनिटांत आणि "एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट" सेकंदांत. एकच वाढवून फरक पडत नाही.

मला त्यापेक्षा पटतो तो ऑटोमाउंट. ओव्हरलेच्या ओळीत "एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट" जोडा. मग बूटच्या वेळी काहीच चढायला हवं असं नाही. विद्यार्थी फोल्डर उघडेल तेव्हा सिस्टमडी ओव्हरले चढवतं आणि त्याच्या नात्यापायी आधी एनएफएस चढवतं. सर्व्हर तोवर आलेला नसेल तर फोल्डर उघडताना एरर येते, थोड्या वेळाने पुन्हा उघडलं की चालतं. ऑटोमाउंट ओव्हरलेवर लावा, खालच्या एनएफएसवर नको. ऑटोमाउंटची जागा थर म्हणून दिली तर ओव्हरले कुरकुर करू शकतो. एक खोच आहे: घाईने पुन्हा पुन्हा क्लिक केलं तर काही सेकंदांतले बरेच अपयशी प्रयत्न मोजून सिस्टमडी "माउंट-स्टार्ट-लिमिट-हिट" म्हणत हात वर करतं. तेव्हा "सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड" करून ऑटोमाउंटचं युनिट पुन्हा सुरू करावं लागतं.

आणि एनएएस, राउटर, स्विच या तिघांना एक छोटा यूपीएस द्या. लॅबमधली सगळी मशीनं यूपीएसवर टाकायची ऐपत नसते, गरजही नसते. पण हे तीन जागे राहिले तर वरचा निम्मा लेख लागू होत नाही. ज्यांना तेही शक्य नाही त्यांनी मशीनच्या बायोसमध्ये लाइट आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय बंद करावी आणि एनएएसचा दिवा स्थिर झाल्यावर मशीनं हाताने चालू करावीत.

क्रम बरोबर आहे, तरी ओव्हरले फसतो

वरचा थर आणि वर्कडिर एकाच फाइलसिस्टमवर हवेत आणि वर्कडिर रिकामी हवी. वरचा थर एनएफएसवर ठेवता येत नाही; त्याला लागणारी जादा गुणधर्मांची सोय तिथे मिळत नाही. खालचा थर एनएफएसवर चालतो. वरचा थर एक्सएफएसवर असेल तर "एक्सएफएस इन्फो" मध्ये एफटाइप १ आहे ना बघा. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये तो ० सापडतो आणि तो बदलायचा तर पुन्हा फॉरमॅट करावं लागतं.

परवानगीचा एक घोळ फार वेळ खातो. थेट एनएफएसच्या फोल्डरमध्ये विद्यार्थ्याला फाइल उघडता येते, ओव्हरलेमधून तीच फाइल "परमिशन डिनाइड". कारण ओव्हरले खालची फाइल ज्याने माउंट केलं त्याच्या, म्हणजे रूटच्या, नावाने उघडतो आणि एनएफएस सर्व्हर रूटला रूट स्क्वॉश या नियमामुळे नोबडी (काही अधिकार नसलेलं खातं) समजतो. फाइल इतरांना वाचण्याजोगी नसेल तर नोबडीला ती मिळत नाही. साहित्य गुप्त नसेल तर सर्व्हरवर सगळ्या फाइलींना इतरांसाठी वाचायची परवानगी द्या, प्रश्न मिटला. रूट स्क्वॉश बंद करण्याचा मोह शक्यतो टाळा. लॅबमधल्या कुठल्याही मशीनचं रूट मग सर्व्हरवरच्या त्या शेअरचं सगळं वाचू शकतं.

शेवटचा मुद्दा साहित्य बदलण्याचा. ओव्हरले चढलेला असताना खालच्या थरात थेट बदल केले तर काय दिसेल याची कर्नल हमी देत नाही. कधी "स्टेल फाइल हँडल", कधी अर्धी जुनी अर्धी नवी यादी. म्हणून सर्व्हरवर प्रत्येक आवृत्तीचं तारखेचं वेगळं फोल्डर ठेवा आणि "चालू" ही त्यातल्या एकाकडे बोट दाखवणारी सिमलिंक करा, सापेक्ष पाथची. नवं साहित्य आलं की नवं फोल्डर, लिंक बदला, मशीनं रीस्टार्ट करा. लिंक फक्त माउंटच्या वेळी सोडवली जाते, त्यामुळे चालू वर्गात कोणाच्या पायाखालची जमीन सरकत नाही. आवृत्ती बदलताना विद्यार्थ्यांचं काम बाजूला काढून वरचा थर आणि वर्कडिर दोन्ही रिकाम्या करा. जुना वरचा थर नव्या खालच्या थरावर चढवला तर काही वैशिष्ट्यं चालू असताना तो चालत नाही.

सगळं लागलं का ते कसं बघायचं

लाइट जायची वाट बघत बसू नका. एनएएसची केबल काढा आणि एक मशीन बूट करा. ते लॉगिनपर्यंत यायला हवं, इमर्जन्सी मोड नको, आणि ऑटोमाउंट असेल तर अभ्यासाचं फोल्डर एररसह बंद असायला हवं, रिकामं उघडता कामा नये. केबल लावा, मिनिटभर थांबा, फोल्डर उघडा. ऑटोमाउंट असेल तर साहित्य दिसेल, नसेल तर "सिस्टमसीटीएल स्टार्ट" पुढे ओव्हरलेच्या युनिटचं नाव देऊन बघा, एनएफएस त्याच्यासोबत आपोआप चढायला हवं. युनिटचं नाव पाथवरूनच बनतं, तिरक्या रेघांच्या जागी डॅश; पाथमध्येच डॅश असेल तर नाव विचित्र दिसतं, तेव्हा "सिस्टमडी-एस्केप -पी --सफिक्स=माउंट" ला विचारा. मग मशीन बंद करून बघा, स्टॉप जॉब लोंबकळतो का. हे एका मशीनवर जमलं की तीच एफएसटॅब बाकीच्यांवर टाका, आणि इमेजमध्येही.